खाणीचा लाभांश आणि खाणीचे मुद्दल

उत्पन्न आणि मुद्दल यांतील भेद आमच्या रत्नागिरीच्या बागायतदारास कोणी शिकवावयास नको. हापूसचे कलम यंदा फळले, त्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या आणि पैसे हाती आले, म्हणजे ते त्या वर्षाचे उत्पन्न झाले. कलम जागच्या जागी उभे आहे व पुढील वर्षी मोहोर धरावयास मोकळे आहे. परंतु त्याच बागायतदाराने आपल्या सड्यावरील जांभा दगड काढून चिरा विकला, तर हाती आलेल्या पैशास तो उत्पन्न म्हणत असला तरी मनातून तो जाणून असतो की, आपण जमीनच थोडी थोडी करून विकीत आहोत. चिरा संपला म्हणजे मागे खड्डा राहतो, पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि त्या खड्ड्यास पुढे मोहोर येत नाही. शहाणा माणूस चिऱ्याच्या पैशातून विहीर बांधतो, नवी कलमे लावतो किंवा मुलाचे शिक्षण करतो. दुसरा एखादा तो पैसा लग्नसमारंभात उडवितो. दोघांनीही पैसा खर्चच केला, पण पहिल्याने मुद्दलाचे रूप बदलले आणि दुसऱ्याने मुद्दल खाल्ले.

एवढी साधी गोष्ट आज लिहावयास घेण्याचे कारण असे की, चिरेखाणीच्या बाबतीत जे आपणांस सहज दिसते ते मोठमोठ्या खाणकंपन्यांच्या लाभांशाच्या बाबतीत दिसेनासे होते. काही काळापूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षक सल्ला विचारावयास आमच्याकडे आले होते. त्यांनी आपल्या उपदानाच्या रकमेतील बराच भाग एका खाणकंपनीच्या शेअरांत घातला होता. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्षभरात तीन-चार वेळा लाभांश खात्यावर जमा झाला, म्हणून गुरुजी प्रथम संतुष्ट होते. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, जितका लाभांश मिळाला त्याच सुमाराने शेअरचा भाव उतरला आहे, आणि आलेल्या लाभांशावर आयकर मात्र निराळा द्यावयाचा आहे. “वकीलसाहेब, मला हे मिळाले की माझेच मला परत दिले?” असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मते हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. तो या देशातील प्रत्येक लहान भागधारकाचा आहे आणि ज्यांच्या नावावर एकही शेअर नाही अशा प्रत्येक नागरिकाचाही आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. लाभांश नफ्यातूनच द्यावा, मुद्दलातून देऊ नये, हे कंपनीच्या कायद्याचे आद्य तत्त्व होय. कंपनीस कर्ज देणारा सावकार भागधारकांच्या खासगी मालमत्तेस हात लावू शकत नाही. म्हणून निदान कंपनीचे भांडवल तरी भागधारकांनी आपसात वाटून घेऊ नये, असा हा सरळ न्याय आहे. परंतु खाणीपुढे आल्यावर इंग्लंडातील न्यायाधीशांची या तत्त्वाविषयीची भूमिका बरीच सैल झाली. स्वित्झर्लंडातील न्यूशातेल येथील डांबरी दगडाची खाण चालविणाऱ्या एका कंपनीचा खटला १८८९ साली तेथील अपील कोर्टापुढे आला. खाण दरवर्षी रिकामी होत जाते, सबब त्या झिजेची भरपाई बाजूस काढल्यावाचून लाभांश वाटू नये, असे वादीचे म्हणणे होते. कोर्टाने ते मानले नाही. खाण ही स्वभावतःच संपणारी वस्तू आहे. तिच्या झिजेसाठी निधी काढून ठेवावा की नाही हे कंपनीच्या नियमावलीवर व चालकांच्या व्यापारी बुद्धीवर सोपविले पाहिजे, असा निर्णय झाला. म्हणजे चिरा विकून आलेला सर्व पैसा, मजुरी व इतर खर्च वजा जाता, नफा म्हणून वाटावयास हरकत नाही, असे ठरले.

आमच्या देशात २०१३ चा कंपनी कायदा लागू आहे. त्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे चालू वर्षाच्या नफ्यातून किंवा मागील वर्षांच्या न वाटलेल्या नफ्यातून, घसारा वजा करून, लाभांश देता येतो. १९५६ च्या जुन्या कायद्याखाली दहा टक्क्यांहून अधिक लाभांश जाहीर करणाऱ्या कंपनीस नफ्याचा ठराविक अंश गंगाजळीत घालणे भाग होते. नव्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली आणि गंगाजळीत किती घालावे हे कंपनीच्या मर्जीवर ठेवले. सेबीच्या नियमांप्रमाणे बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांनी आपले लाभांशविषयक धोरण लिहून प्रसिद्ध केले पाहिजे, हे ठीकच आहे. परंतु धोरण लिहिणे आणि धोरण चांगले असणे या गोष्टी एक नव्हेत. लग्नपत्रिका सुंदर छापली म्हणून संसार सुखाचा होतोच असे नाही.

आता या मोकळिकीचा उपयोग कसा होतो याचे एक ठळक उदाहरण घेऊ. राजस्थानातील जस्त, शिसे व चांदी काढणारी हिंदुस्थान झिंक ही कंपनी १९६६ साली सरकारी कंपनी म्हणून स्थापन झाली. २००२ साली केंद्र सरकारने तिच्यातील आपला काही भाग विकला व व्यवस्था स्टरलाइट समूहाच्या हाती गेली. पुढे त्या समूहाची मालकी सुमारे ६५ टक्क्यांवर पोहोचली आणि सरकारकडे सुमारे २९.५ टक्के भाग उरला. बरीच वर्षे या कंपनीची गंगाजळी वाढत राहिली. नंतर तिचे तोंड उघडले. २०१६ च्या मार्च महिन्यात सुवर्णमहोत्सवानिमित्त दर शेअरामागे २४ रुपये व २०१७ च्या मार्चमध्ये २७ रुपये ५० पैसे असा खास लाभांश वाटण्यात आला. शेअरची दर्शनी किंमत २ रुपयेच असल्यामुळे हा लाभांश अनुक्रमे १,२०० व १,३७५ टक्के म्हणून गाजला. असल्या टक्क्यांनी लहान भागधारकाने दिपून जाऊ नये. टक्के दर्शनी किमतीवर मोजलेले असतात, आपण बाजारात मोजलेल्या किमतीवर नव्हे.

याहून मोठा प्रकार २०२२-२३ या आर्थिक वर्षात झाला. त्या एका वर्षात २१, साडेपंधरा, १३ व २६ असे चार हप्त्यांनी दर शेअरामागे ७५ रुपये ५० पैसे वाटण्यात आले. एकूण रक्कम सुमारे ३१,९०० कोटी रुपये झाली. त्याच वर्षी कंपनीचा निव्वळ नफा होता सुमारे १०,५०० कोटी. अर्थात वर्षाच्या कमाईच्या तिप्पट वाटणी झाली! वर्षारंभी ३४,००० कोटींच्या वर असलेले कंपनीचे स्वतःचे धन वर्षाखेर सुमारे १३,००० कोटींवर आले आणि कर्जाचा आकडा मात्र सुमारे १२,००० कोटींवर चढला. ऋण काढून सण करण्याची रीत आपल्याकडे घरगुती दोष म्हणून प्रसिद्ध आहे; येथे ती मोठ्या उद्योगाच्या ताळेबंदात अवतरलेली दिसते. हे बेकायदेशीर होते असे आमचे म्हणणे नाही. मागील वर्षांचा साठलेला नफा वाटण्यास कायदा आडवा येत नाही. एवढेच नव्हे, तर सर्वसाधारण गंगाजळीतील १०,००० कोटींहून अधिक रक्कम न वाटलेल्या नफ्याच्या खाती वळविण्याची योजनाही कंपनीने २०२३ मध्ये सभासदांपुढे आणली. गंगाजळीतून लाभांश काढण्यावर कायद्याने ज्या मर्यादा घातल्या आहेत, त्या न वाटलेल्या नफ्यास लागू नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम नेण्याचे मर्म वाचकांस कळेल.

हा पैसा गेला कोठे? सुमारे ६५ टक्क्यांच्या हिशेबाने २०,७०० कोटी रुपये वेदांता लिमिटेड या वरच्या कंपनीस मिळाले. हिंदुस्थान झिंककडून आलेला लाभांश पुढे आपल्या भागधारकांस पोहोचवावयाचा आणि स्वतःच्या नफ्यापैकी निदान ३० टक्के वाटावयाचा, असे त्या कंपनीचे धोरण होते. त्या वर्षी वेदांताने दर शेअरामागे १०१ रुपये ५० पैसे वाटले. तिच्याही दोन-तृतीयांशाहून अधिक भागाची मालकी प्रवर्तकांकडे, म्हणजे अखेर इंग्लंडात नोंदलेल्या वेदांता रिसोर्सेस या कंपनीच्या समूहाकडे होती आणि त्या कंपनीच्या डोक्यावर अब्जावधी डॉलरांचे कर्ज होते. राजस्थानातील भूगर्भातून निघालेले जस्त मुंबईच्या कचेरीमार्गे समुद्रापलीकडील सावकाराच्या हप्त्यात कसे रूपांतर पावते, याचा हा नकाशा आहे. दादाभाई नौरोजींनी १९०१ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या ग्रंथात ज्या निःसारणाचा हिशेब मांडला, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु आम्ही ही तुलना ओढूनताणून लांबविणार नाही. तेव्हा परसत्तेच्या जोरावर पैसा जात होता. आज आपल्याच संसदेने केलेल्या कायद्याप्रमाणे, आपल्याच सरकारच्या मुकाट संमतीने तो जातो. म्हणून आजचा दोष परक्याच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येत नाही.

सरकारची संमती म्हणण्याचे कारण उघड आहे. ३१,९०० कोटींपैकी सुमारे ९,४०० कोटी केंद्राच्या तिजोरीत आले. ज्याच्या पानात वाढले जाते तो वाढप्यास सहसा थांबवीत नाही. किंबहुना सरकार स्वतःच्या कंपन्यांकडूनही हेच मागते. २०१६ च्या सूचनांप्रमाणे केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा कंपनीच्या स्वतःच्या धनाच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका लाभांश निदान द्यावा असे ठरले. २०२४ च्या नोव्हेंबरात ५ च्या जागी ४ टक्के झाले. हा दंडक पोलादाच्या कारखान्यास, वीज कंपनीस व खाणीस सारखाच लागू! कारखाना जुना झाला तर नवा उभारता येतो. बालाघाटचे किंवा भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज एकदा काढले की पुन्हा घालता येत नाही. नागपूरच्या मॉइल कंपनीचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १८९६ च्या सुमारास इंग्रज भांडवलावर हा धंदा मध्यप्रांतात सुरू झाला, १९६२ साली भारत सरकारचा त्यात प्रवेश झाला आणि २०१० साली तिचे शेअर जनतेस विकण्यात आले. मालक तीनदा बदलले. खाली जाणारा खड्डा तोच आहे. मालक देशी असला म्हणजे मुद्दल आपोआप सुरक्षित राहते, हा भ्रम राष्ट्रवाद्यांनी तरी बाळगू नये.

मुद्दल खाल्ल्याचा शेवट काय होतो हे पाहावयाचे असेल तर म्हैसुराकडील कोलारला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन टेलर आणि सन्स या लंडनच्या पेढीच्या व्यवस्थेखाली तेथील सोन्याच्या खाणी भरभराटीस आल्या. तीन किलोमीटरहून अधिक खोल गेलेल्या त्या खाणींतून शंभराहून अधिक वर्षांत ८०० टनांवर सोने निघाले. लंडनच्या भागधारकांस पिढ्यानपिढ्या लाभांश मिळाला व म्हैसूर दरबारास स्वामित्वधन मिळाले. १९५६ साली खाणी सरकारी झाल्या आणि २००१ च्या २८ फेब्रुवारीस बंद पडल्या. मागे राहिले ते सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर आणि रोजगारासाठी पहाटेच्या गाडीने बंगळूर गाठणारे खाणकामगारांचे वंशज. ज्या शतकात सोने निघत होते त्या शतकात दर तोळ्यामागे थोडे जरी गावासाठी बाजूस ठेवले असते, तर आज तेथे केवढी संस्था उभी असती!

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण एकच बाजू ऐकून निकाल देणे हे वकिलास शोभत नाही व संपादकासही शोभत नाही. पहिला आक्षेप असा की, कंपनीचा पैसा भागधारकांचा आहे, त्यांचा त्यांस दिला तर बिघडले कोठे? दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. पैसा कंपनीत पडून राहिला तर चालक त्याचा सदुपयोगच करतील याची हमी काय? २०२३ च्या जानेवारीत याच हिंदुस्थान झिंकच्या संचालकांनी वेदांता समूहाच्या आफ्रिकेतील जस्ताच्या खाणी सुमारे २९८ कोटी डॉलरांस विकत घेण्याचे योजिले होते. सरकारने भागधारक या नात्याने विरोध केला, म्हणून तो बेत फसला. म्हणजे साठलेला पैसा लाभांशाच्या वाटेने गेला नसता तर असल्या घरगुती सौद्याच्या वाटेने गेला असता. त्यापेक्षा लाभांश पुष्कळ बरा. त्यात लहान भागधारकास निदान त्याच्या वाट्याचे रोख मिळते. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पैसा कंपनीत कोंडून ठेवावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

परंतु या दुसऱ्या आक्षेपातच सुधारणेचा मार्ग दडलेला आहे. प्रवर्तकांशी होणाऱ्या मोठ्या सौद्यास सभासदांची संमती लागते आणि त्या मतदानात प्रवर्तकांस संमतीच्या बाजूने मत देता येत नाही, असा नियम आहे. म्हणून सरकारच्या विरोधास तेथे धार आली. लाभांश मात्र सर्वांस सारख्या प्रमाणात मिळतो, या कारणास्तव तो अशा सौद्यांत गणला जात नाही. शिवाय अंतरिम लाभांश संचालक मंडळ आपल्या अधिकारात देऊ शकते, त्यासाठी सभा भरवावी लागत नाही. हिंदुस्थान झिंकचे ते चारही हप्ते अंतरिमच होते. सामान्य वर्षी हे योग्यच आहे. पण वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट रक्कम वाटावयाची, त्यासाठी कर्जाचा बोजा वाढू द्यावयाचा आणि प्रवर्तकाची कर्जाची निकड जगजाहीर असावयाची, अशा वेळी वाटणी वरून सारखी दिसली तरी गरज सारखी नसते. एकास हप्ता भरावयाचा असतो, दुसऱ्यास म्हातारपण काढावयाचे असते. त्या दुसऱ्यास कोणी विचारले?

आणि ज्यास मुळीच विचारले जात नाही असा तिसराही एक पक्ष आहे. तो म्हणजे खनिजाचा खरा धनी. खनिज कंपनीचे नव्हे. कंपनीस केवळ खाणपट्टा मिळालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०२४ च्या २५ जुलै रोजी आठ विरुद्ध एक अशा मताने ठरविले की, स्वामित्वधन हा कर नव्हे, तो पट्ट्याबद्दल द्यावयाचा मोबदला आहे, आणि खनिजाच्या हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांस आहे. मोबदला म्हटला की तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न आलाच. खनिजाच्या किमतीचा लहान अंश स्वामित्वधनाच्या रूपाने धन्यास मिळावा आणि त्या खनिजावर कंपनीने दर्शनी किमतीच्या कित्येक पट लाभांश वाटावा, हे दृश्य पाहून धन्याने विचारात पडावे हे साहजिक आहे.

या बाबतीत आमच्या शेजारच्या गोमंतकाने मोठी किंमत देऊन एक धडा घेतला आहे. तेथील लोहखनिजाचे पट्टे २००७ च्या २२ नोव्हेंबरासच संपले होते आणि त्यानंतरचे खोदकाम बेकायदेशीर होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या २१ एप्रिल रोजी दिला. म्हणजे सुमारे पाच वर्षे जे खनिज निघाले ते काढण्याचा अधिकारच नव्हता! त्या पाच वर्षांत खाणकंपन्यांनी नफा मोजला व लाभांश वाटला. तो आता कोणाच्या घरून परत आणावयाचा? सद्हेतूने लाभांश घेतलेल्या भागधारकाकडे तो मागता येत नाही आणि डोंगरही पुन्हा उभा करता येत नाही. तथापि त्याच निर्णयात न्यायालयाने खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. आमच्या दृष्टीने हे त्या निर्णयाचे सर्वांत मोलाचे अंग होय. लोहखनिज संपेल, पण त्याचे व्याज संपणार नाही, अशी ही योजना आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांस हेही ठाऊक नसेल की, गोव्याची जुनी सेसा गोवा कंपनीच २०१३ साली स्टरलाइटच्या विलीनीकरणानंतर सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ पासून वेदांता लिमिटेड या नावाने ओळखली जाऊ लागली. गोव्याचा डोंगर, राजस्थानचे जस्त आणि लंडनचे कर्ज ही एकाच खतावणीची पाने आहेत.

रत्नागिरीकरांस स्टरलाइट हे नाव नवे नाही. तांब्याचा कारखाना आमच्या गावाच्या वेशीवर होऊ घातला तेव्हा येथील बागायतदार, मच्छीमार व नागरिक रस्त्यावर उतरले आणि १९९३ च्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवावयास सांगितले. कारखाना पुढे तमिळनाडूत तुतुकुडीस गेला. तेथे २०१८ च्या २२ मे रोजी आंदोलकांवर पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मृत्युमुखी पडली व कारखान्यास कुलूप लागले; २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तो उघडण्यास नकार दिला. त्या काळी रत्नागिरीस विकास नको आहे, असे आम्हांस हिणविण्यात आले होते. आम्हांस विकास हवाच होता व आजही हवा आहे. आम्ही विचारीत होतो ते एवढेच की, नफा कोणाचा आणि झीज कोणाची? लाभांशाच्या धोरणातही प्रश्न तोच आहे. दापोली-मंडणगडाकडील बॉक्साइट, १९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या रेडीचे लोहखनिज, दोडामार्गातील कळणे येथे २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटून शेता-घरांत शिरलेला चिखल, ही सर्व उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. भागधारकाच्या खात्यात लाभांश जमा होतो त्या दिवशी खाणीशेजारच्या शेतकऱ्याच्या खात्यात काय जमा होते, हे विचारण्याचा अधिकार कोकणाने १९९३ सालीच मिळविला आहे.

तक्रार मांडून थांबणे सोपे असते. उपाय सुचविणे हे वर्तमानपत्राचे कर्तव्य होय. आमच्या मते चार गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. पहिली, खाणकंपनीने लाभांश जाहीर करताना त्यातील किती भाग चालू वर्षाच्या नफ्यातून, किती जुन्या साठ्यातून व किती कर्जाच्या आधाराने आहे, आणि आज ज्ञात असलेले खनिज सध्याच्या वेगाने किती वर्षे पुरेल, हे एका कागदावर साध्या मराठीत व इतर देशी भाषांत सांगावे. ज्यास इंग्रजी अहवालाची तीनशे पाने वाचता येत नाहीत त्याचाही पैसा त्यात आहे. दुसरी, वर्षाच्या नफ्याहून अधिक अंतरिम लाभांश द्यावयाचा असल्यास प्रवर्तकांखेरीज इतर सभासदांचे बहुमत घेतल्यावाचून तो देता येऊ नये. प्रवर्तकाच्या सौद्यास जो न्याय तोच प्रवर्तकाच्या निकडीस.

तिसरी गोष्ट, खाण मिटविण्याची तरतूद पुरी झाल्याखेरीज खास लाभांश नको. २०१७ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन मोठ्या खाणींसाठी दर हेक्टरी ५ लाख व इतरांसाठी ३ लाख रुपयांची हमी ठरली आहे. एक हेक्टर उकरलेला डोंगर एवढ्यात पूर्ववत होतो काय, हे कोणत्याही चिरेखाणीच्या मालकास विचारावे, तो हसेल. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट सरकारने स्वतःपासून आरंभण्याची आहे. केंद्रास व राज्यास खाणकंपन्यांकडून मिळणारा लाभांश चालू खर्चात न मिळविता त्याचा ठराविक अंश गोव्याच्या धर्तीवर कायम निधीत जावा. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावाच्या पट्ट्यांच्या १० टक्के इतकी जादा रक्कम त्यात येते. योजना चांगली आहे. पण हा निधी चालू गरजांवर खर्च होण्यासाठी आहे, तो पुढील पिढीचे मुद्दल नव्हे. दोन्हींची आवश्यकता आहे.

लहान भागधारकासही दोन शब्द सांगावयाचे आहेत. नुसता लाभांशाचा दर पाहून खाणीचा शेअर घेणे म्हणजे गाईचे दूध न पाहता विकावयास काढलेल्या शेणखताचा ढीग पाहून तिची किंमत ठरविणे होय. लाभांशाचा दिवस उलटला की भावातून तितकी रक्कम सामान्यतः वजा होते, आणि १ एप्रिल २०२० पासून त्यावरील कराचा भार भागधारकाच्या माथी आला आहे. म्हणून मिळालेली रक्कम कंपनीच्या कमाईतून आली की तिच्या पोटातून आली, हे आधी पाहावे. खास लाभांश आला तर तो उत्पन्न म्हणून खर्चू नये. मुद्दलाचा परतलेला भाग समजून दुसरीकडे गुंतवावा. आणि वार्षिक सभेचे मतपत्र येते तेव्हा ते रद्दीत टाकू नये. आता घरबसल्या मत देता येते. हजारो गुरुजींनी ते दिले तर संचालकांस ऐकावे लागेल.

गुरुजींच्या प्रश्नास आम्ही त्या दिवशी असे उत्तर दिले की, “मिळाले त्यातले काही तुमच्या शेअराची कमाई होती, काही तुमचेच तुम्हांस परत दिले, आणि काही तुमचे नव्हतेच, ते तुमच्या नातवाचे होते.” गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “नातवाचे असेल तर ते निराळे ठेवले पाहिजे.” एका सेवानिवृत्त शिक्षकास जे एका वाक्यात समजले, ते देशाच्या अर्थखात्यास व खाणकंपन्यांच्या संचालकांस समजण्यास किती वर्षे लागावीत? खनिज तितकी वर्षे थांबणार नाही. ते रोज निघते आहे आणि रोज वाटले जात आहे.